किल्ली घेतानाचा कागद

परीक्षांचे निकाल लागले की महाराष्ट्रातून दिल्लीकडे जाणाऱ्या झेलम आणि गोवा एक्स्प्रेसमध्ये एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. पुस्तकांनी भरलेली बॅग, आईने बांधून दिलेला लाडू-चिवड्याचा डबा आणि संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचे स्वप्न घेऊन लातूर, अकोला, सांगली, नांदेडकडची मुले-मुली राजधानीत उतरतात. जुने राजेंद्रनगर, करोलबाग, मुखर्जीनगर ही नावे त्यांना दिल्लीच्या नकाशाआधीच पाठ झालेली असतात. मात्र राजधानीतील त्यांचा पहिला धडा शिकवणी वर्गात होत नाही, तो होतो ‘प्रॉपर्टी डीलर’च्या टेबलासमोर. दिल्लीत दलालास हेच नाव आहे आणि अनामत रकमेस तेथे ‘सिक्युरिटी’ म्हणतात.

हिशेब साधा असतो, पण जड असतो. उदाहरणादाखल, एखाद्या खोलीचे मासिक भाडे १५,००० रुपये ठरले, तर पहिल्या महिन्याचे आगाऊ भाडे १५,०००, दोन महिन्यांची अनामत ३०,००० आणि दलालाची अर्ध्या महिन्याची दलाली ७,५०० असे एकूण ५२,५०० रुपये पहिल्याच दिवशी द्यावे लागतात. एखाद्या शेतकऱ्याने किंवा शिक्षकाने ही रक्कम मुदत ठेव मोडून पाठविलेली असते. वर्षभराने खोली सोडताना त्यातील अनामत परत मिळेल, असे त्याने मनाशी धरलेले असते. वादाचे बीज नेमके तेथेच पडते.

२७ जुलै २०२४ रोजी जुन्या राजेंद्रनगरमधील एका शिकवणी वर्गाच्या तळघरात पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर रस्त्यावर उतरलेल्या विद्यार्थ्यांनी सुरक्षिततेबरोबरच खोल्यांच्या भरमसाट भाड्यांवर नियंत्रण आणण्याचीही मागणी केली होती. राजधानीत भाडेनियंत्रणाचा कायदा असताना ही मागणी का करावी लागली, हे समजून घेण्यासारखे आहे.

साडेतीन हजारांची रेषा

दिल्लीतील भाडेनियंत्रणाचा प्रारंभ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९३९ च्या एका आदेशाने झाला. पुढे अनेक स्थित्यंतरे होऊन ‘दिल्ली भाडेनियंत्रण अधिनियम, १९५८’ अस्तित्वात आला. भाडेकरूस मनमानी पद्धतीने काढता येऊ नये, भाड्याची पावती मिळावी, नियंत्रकाच्या परवानगीवाचून एका महिन्यापेक्षा अधिक भाडे आगाऊ घेता येऊ नये, असे संरक्षण या कायद्याने दिले.

तथापि, १९८८ मध्ये त्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली. मासिक ३,५०० रुपयांहून अधिक भाडे असलेल्या जागा कायद्याच्या कक्षेतून वगळण्यात आल्या. त्या काळी ही रक्कम मोठी होती. आज एवढ्या भाड्यात विद्यार्थ्यास गच्चीवरची ‘बरसाती’ मिळणेही दुरापास्त आहे. परिणामी बाहेरगावाहून आलेला जवळजवळ प्रत्येक नवा भाडेकरू या कायद्याच्या छत्राबाहेर उभा असतो. त्याचा व्यवहार १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमानुसार आणि त्याहूनही अधिक, त्याने स्वाक्षरी केलेल्या करारनाम्यानुसार चालतो.

नाण्याची दुसरी बाजू

घरमालक हा सदैव सबल आणि भाडेकरू सदैव दुर्बल, असे समीकरण मांडणे मात्र अन्यायाचे ठरेल. कनॉट प्लेस, चांदनी चौक यांसारख्या जुन्या बाजारपेठांत परिस्थिती नेमकी उलट दिसते. १९८८ च्याच दुरुस्तीने कायद्याखालील जागांचे भाडे दर तीन वर्षांनी १० टक्के वाढविण्याची मुभा दिली. ही वाढ एकदाही न चुकता केली, तरी शंभर रुपयांचे भाडे ३६ वर्षांनी सुमारे ३१४ रुपयांवर पोहोचते. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात ही वाढ दरसाल ४ टक्के आहे. जागेचे बाजारमूल्य कोट्यवधींत आणि भाडे शेकड्यांत, अशा स्थितीत इमारतीच्या डागडुजीसही मालकाचा हात पुढे होत नाही.

हा तोल सावरण्यासाठी संसदेने १९९५ मध्ये नवा दिल्ली भाडे कायदा संमत केला. त्यास राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. परंतु व्यापारी भाडेकरूंच्या तीव्र विरोधामुळे तो अमलात आणण्याची अधिसूचनाच निघाली नाही. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा कायदा अमुक दिवशी लागू करा असा आदेश सरकारला देण्यास न्यायालयाने २००३ मध्ये नकार दिला. जुन्या भाडेकरूस अतिसंरक्षण आणि नव्यास जवळजवळ काहीच नाही, अशी ही विषम मांडणी आहे. जुन्याचा अनुभव घेतलेला मालक नव्याकडे संशयाने पाहतो आणि त्या संशयाची किंमत अनामत रकमेच्या रूपाने वसूल करतो.

यमुनेपलीकडे निराळा कायदा

राजधानी क्षेत्रात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. मेट्रोची गाडी एकच असली, तरी स्थानकागणिक राज्य बदलते आणि राज्यागणिक कायदा. गुरुग्राम व फरीदाबाद येथे हरियाणाचा १९७३ चा कायदा आहे. नोएडा व गाझियाबाद येथे उत्तर प्रदेशाचा २०२१ चा कायदा लागू असून, त्यानुसार निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेता येत नाही.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यातही अनामतीची मर्यादा निवासी जागेसाठी दोन महिने आणि अनिवासी जागेसाठी सहा महिने अशी आहे. भाडेवाढीपूर्वी तीन महिने लेखी सूचना देणे आणि जागेचा ताबा परत घेतानाच देय रक्कम वजा करून अनामत परत करणे, हेही त्यात सुचविलेले आहे. मात्र हा केवळ नमुना आहे. तो स्वीकारल्यावाचून बंधनकारक होत नाही. तरीही त्यातील तरतुदी परस्परसंमतीने करारनाम्यात उतरवून घेण्यास कोणाचीच आडकाठी नाही. सुज्ञ मालक आणि भाडेकरू यांनी ही वाट अवश्य चोखाळावी.

अकरा महिन्यांचे कोडे

एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असते. ती टाळण्यासाठी अकरा महिन्यांचा करार करण्याची प्रथा पडली आहे. मुदतीच्या आत, करारात तरतूद नसताना, मालकास एकतर्फी भाडे वाढविता येत नाही. खरा पेच पडतो तो बाराव्या महिन्यात. करार संपलेला असतो, नवा केलेला नसतो, भाडे मात्र दिले-घेतले जात असते. निराळे काही ठरलेले नसल्यास अशी भाडेकरारी महिन्या-महिन्याची समजली जाते आणि १५ दिवसांच्या नोटिशीने ती संपुष्टात आणता येते. परीक्षा तोंडावर आली असताना ‘भाडे वाढवा, नाहीतर खोली सोडा’ हा निरोप येतो तो अशाच वेळी. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी किती टक्के वाढ होईल, हे पहिल्याच करारात आकड्यात लिहून घ्यावे.

झीज की नुकसान?

अनामतीचे बहुतेक वाद एका प्रश्नाशी येऊन थांबतात. भिंतीचा रंग उडाला, नळ गळू लागला, तर त्याचा खर्च कोणी सोसावा? मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे १०८ वे कलम याबाबत मार्ग दाखविते. भाडेकरूने जागा घेतली होती तशीच परत करावी, परंतु वाजवी वापराने होणारी झीज त्यास अपवाद आहे. वर्षभराच्या वावराने फिका पडलेला रंग ही झीज होय. फुटलेले वॉश-बेसिन हे नुकसान होय. पहिल्याचा भार भाडेकरूवर टाकणे जितके गैर, तितकेच दुसरे लपवून निघून जाणेही गैर. शेवटच्या दोन महिन्यांचे भाडे ‘अनामतीतून वळते करा’ असे सांगून, विजेचे बिल थकवून खोली सोडणारे भाडेकरूही काही थोडे नाहीत.

जागा घेतली तेव्हा ती कशी होती, हे सिद्ध कसे करावयाचे, हाच कळीचा मुद्दा आहे. यासाठी पुढील गोष्टी उपयुक्त ठरतात :

• पंखे, गीझर, नळ, खिडक्यांच्या काचा यांची यादी करून तिच्यावर दोघांनीही स्वाक्षरी करावी. तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत.
• वीजमीटरचे पहिल्या दिवसाचे आकडे आणि प्रति युनिट दर लिहून घ्यावा.
• अनामत किती दिवसांत परत मिळेल व कोणत्या कारणांसाठी कापली जाईल, हे करारात स्पष्ट असावे.
• घर सोडण्याच्या सूचनेचा कालावधी दोन्ही पक्षांना समान असावा.
• भाडे व अनामत शक्यतो धनादेशाने किंवा खात्यातून थेट द्यावी. रोख दिल्यास पावती घ्यावी.
• मालकाने भाडेकरूची पोलीस पडताळणी टाळू नये.

यांतील पाचवा मुद्दा लहान वाटला, तरी त्याचे मोल मोठे आहे. रोखीने दिलेल्या तीस हजारांना साक्षीदार नसतो. खात्यातून गेलेल्या रकमेची तारीख आणि घेणाऱ्याचे नाव पासबुकात कायमचे राहते.

वाद झालाच तर

एवढे करूनही मतभेद उद्भवल्यास प्रथम लेखी मागणी करावी. तीस हजारांसाठी वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. बाहेरगावच्या भाडेकरूची हीच अडचण ओळखून काही मालक रक्कम दडपतात. अशा वेळी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाद मागता येते. तेथे दावा दाखल करण्यापूर्वीच मध्यस्थीची सोय असते. लोकअदालतीस न्यायालयीन शुल्क लागत नाही, आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना विधी साहाय्य विनामूल्य मिळते. पैशांच्या वसुलीचा दावा करावयाचाच झाल्यास सामान्यतः तीन वर्षांची मुदत असते, हेही विसरू नये.

‘विश्वास पानिपतात गेला’ असे मराठी माणूस सहज बोलून जातो. १७६१ च्या रणसंग्रामात विश्वासराव पडले, त्यातून आलेली ही म्हण. ते पानिपत दिल्लीपासून सुमारे ९० किलोमीटरवर, आजच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच आहे! म्हणून घरमालकावर किंवा भाडेकरूवर विश्वास ठेवूच नये, असे मात्र नाही. विश्वास अवश्य ठेवावा, फक्त तो कागदावर उतरवावा. किल्ली हाती घेताना ज्या कागदासाठी अर्धा तास खर्ची पडतो, तोच कागद किल्ली परत देताना वडिलांची मोडलेली मुदत ठेव सुखरूप घरी आणतो.