पॅनेल आले, मिस्त्री कुठे?

आदिवासी पाड्यांच्या छपरांवर सौरऊर्जा नेणाऱ्या गेल्या दोन दशकांतल्या सरकारी योजना ओळीने मांडल्या, तर पॅनेल मोठे होत गेलेले दिसते. ते बसवणारा माणूस मात्र बहुतेक वेळा बाहेरचाच राहिला. दुर्गम गावांच्या विद्युतीकरणाच्या जुन्या कार्यक्रमात घरटी 37 वॉटचे पॅनेल आणि दोन सीएफएल दिवे मिळत. सप्टेंबर 2017 च्या ‘सौभाग्य’मध्ये, जिथे तारा नेणे अवघड तिथल्या घरांना 200 ते 300 वॉटचा संच, पाच एलईडी दिवे, एक पंखा आणि पाच वर्षांची देखभाल मिळाली. नोव्हेंबर 2023 मध्ये ‘पीएम-जनमन’ आली. विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेल्या 75 आदिवासी समूहांतल्या एक लाख घरांसाठी तिच्यात सौरसंचांची तरतूद आहे, घरामागे 50 हजार रुपयांपर्यंत. आपल्याकडचे कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड याच यादीतले. आकडे वाढले, हेतूही खरा. पण उजेड किती वर्षे टिकणार हे वॉटांवरून कळत नाही. बिघडलेला संच उघडू शकणारा माणूस किती कोसांवर राहतो, ते विचारावे लागते.

संच मरतो कसा, ते जवळून पाहिले की हे पटते. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे चालते. आधी दगा देते ती बॅटरी. लेड-ॲसिड बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर वेळेवर पडले नाही की प्लेटा उघड्या पडतात, टर्मिनलवर पांढरट पूड धरते आणि दिवा तासाभरात मंदावतो. मग गावातला एखादा हुशार पोरगा चार्ज कंट्रोलर बाजूला सारून तार थेट बॅटरीला जोडतो. चार दिवस झकास उजेड पडतो. तेवढ्यात बॅटरी तळापर्यंत रिकामी होत होत कायमची बसते. मूळ दुखणे बाटलीभर पाण्याचे होते. त्यासाठी तालुक्याहून तंत्रज्ञ येणार, तोही ओढ्याला पाणी नसेल तेव्हा.

स्थानिकांना हे काम जमत नाही, हा समज कधीच खोटा ठरला आहे. बंकर रॉय यांनी 1972 मध्ये सुरू केलेल्या राजस्थानातल्या तिलोनियाच्या केंद्रात नाममात्र शिकलेल्या, कित्येकदा निरक्षर बाया खुणा आणि रंगांच्या आधारे सहा महिन्यांत सर्किट जोडायला शिकल्या. आयआयटी मुंबईच्या सौरदिवा प्रकल्पात लाखो विद्यार्थ्यांचे दिवे गावातल्याच लोकांनी जोडले आणि दुरुस्तही केले. त्याच वाटेने पुढे डुंगरपूरच्या आदिवासी बायकांचा पॅनेल बनवण्याचा कारखाना उभा राहिला. सरकारकडे 2015 पासून ‘सूर्यमित्र’ प्रशिक्षण आहेच: तीन महिने, निवासी, फुकट. पण प्रवेशाची अट दहावी आणि आयटीआय. ज्या पाड्याला मिस्त्रीची सर्वांत जास्त गरज, तिथले बहुतेक जण, बाया तर विशेष करून, या अटीपाशीच गळतात.

यावर पहिला आक्षेप असा की शिकवलेला पोरगा शहर गाठतो. तो जाईलच, आणि जाऊ नये असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. म्हणूनच तिलोनियाने मध्यमवयीन, घरसंसारात रुजलेल्या बायांना निवडले, ते शहाणपणाचे होते. दुसरा आक्षेप पैशाचा: प्रशिक्षणावर खर्च केला तर तेवढी घरे कमी होतात. पहिल्या वर्षाचा हिशेब तसाच दिसतो. पण दोन वर्षांत बंद पडणारा संच घरांच्या यादीत मोजायचा कशाला? तिसरा आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. दहा-वीस घरांच्या पाड्यात वर्षभर पुरेल इतके दुरुस्तीचे काम निघत नाही. मग त्या बाईने पोट कशावर भरायचे? एका पाड्याच्या हिशेबाने याला उत्तर नाही. आसपासचे पाडे, आश्रमशाळा, आरोग्य उपकेंद्र आणि शेतातले सौरपंप मिळून एकीला नेमले आणि मानधन देखभालीच्या रकमेतून थेट तिच्या हाती दिले, तर जमते. आज ती रक्कम कंत्राटदाराकडे जाते.

‘सौभाग्य’मध्ये 2019 पर्यंत बसलेल्या संचांची पाच वर्षांची मुदत 2024 मध्येच सरली. ‘जनमन’चे काम त्यामानाने नवे आहे. पॅनेल आणि बॅटरी निविदेत नगावर मोजली जातात. प्रशिक्षित स्थानिक माणूस, एक मल्टिमीटर आणि सुट्या भागांची पेटी यांचेही नग त्याच तक्त्यात लिहून मागता येतील, आणि ते मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता अडवताही येईल.