सोल्नहोफेन आणि त्याचा दगड

बव्हेरियाच्या सरकारी ग्रामसूचीत प्रत्येक वस्तीपुढे तिचा दर्जा लिहिलेला असतो. एकटे शेतघर, वाडी, चर्च असलेले गाव आणि त्याच्याही वर 'फार्डोर्फ', म्हणजे जिथे धर्मक्षेत्राचे मुख्य चर्च आहे असे गाव. आसपासच्या वाड्यांची लग्ने, बारसे आणि दफन यांच्या नोंदी अशाच गावच्या चर्चच्या वहीत होत आल्या. सोल्नहोफेन हे असेच एक फार्डोर्फ. वस्ती जेमतेम पावणेदोन हजार. पण शिळाछापाच्या इतिहासात आणि प्राणिसृष्टीच्या इतिहासात या गावाला वगळून पुढे जाताच येत नाही.

गाव कुठे आहे

म्युनिक आणि न्यूरेनबर्ग यांच्या दरम्यान, मध्य फ्रँकोनिया विभागात, आल्टम्यूल नदीच्या खोऱ्यात हे गाव वसले आहे. आल्टम्यूल २२७ किलोमीटर वाहून केलहाइमजवळ डॅन्यूबला मिळते. तिचा वेग इतका कमी, की होडी वल्हवायला नवखी माणसेही बिनधास्त उतरतात. गाव नदीकाठी, दोन्ही बाजूंना चुनखडीचे उतार आणि वर सपाट पठार. उतारांवरच्या कोरड्या गवतात जुनिपरची झुडपे दिसतात. पिढ्यान्‌पिढ्या तिथे मेंढ्या चरत आल्या, म्हणूनच हे उतार उघडे राहिले. चराई थांबली की रान माजते.

गावाला लागून असलेल्या एस्लिंगेन या वाडीजवळ नदीच्या वर एका रांगेत उंच सुळके उभे आहेत. लोक त्यांना 'बारा प्रेषित' म्हणतात. हे सुळके म्हणजे प्राचीन समुद्रातले स्पंजांचे खडक. दगडाच्या खाणी मात्र खोऱ्यात नाहीत, त्या वर पठारावर आहेत. सोल्नहोफेन, लांगेनआल्टहाइम आणि म्योर्न्सहाइम या शेजारी गावांच्या शिवारांत त्या पसरल्या आहेत. १८७० मध्ये इंगोलश्टाट ते ट्रॉइश्टलिंगेन हा लोहमार्ग खोऱ्यातून गेला आणि जड माल बाहेर काढणे सोपे झाले.

सोला नावाचा साधू

आठव्या शतकात इंग्लंडहून आलेले बरेच धर्मप्रसारक जर्मन मुलखात काम करत होते. संत बोनिफास हे त्यांचे पुढारी आणि सोला हा त्यांच्या परिवारातला. तो या खोऱ्यात एकांतात राहिला. शार्लमेन राजाने त्याला इथली जमीन दिली, ती त्याने फुल्डाच्या मठाला अर्पण केली आणि ७९४ मध्ये तो वारला. गावाचे नाव त्याच्यावरूनच पडले. सोलाच्या गाढवाने मेंढ्यांवर चालून आलेल्या लांडग्याला ठार केले, अशी एक कथा त्याच्या चरित्रात येते. एर्मनरिश नावाच्या भिक्षूने हे चरित्र त्याच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाच्या आत लिहिले.

सोलाच्या समाधीवर उभ्या राहिलेल्या चर्चचे अवशेष आजही गावात आहेत. कोरीव स्तंभशीर्षे असलेले काही खांब आणि दगडी समाधी. विसाव्या शतकात इथे उत्खनन झाले, तेव्हा एकावर एक बांधलेल्या अनेक चर्चचे थर मिळाले. इतक्या लहान गावात शार्लमेनच्या वंशाच्या काळातले बांधकाम जागेवर उभे असणे ही फार मोठी गोष्ट आहे. पर्यटक खाणी पाहून परततात आणि हे खांब राहून जातात, याचे वाईट वाटते.

पुढचा राजकीय इतिहास थोडक्यात असा: फुल्डाच्या मठाचे इथले ठाणे धर्मसुधारणेच्या लाटेत १५३४ मध्ये बंद झाले. आन्सबाखच्या मार्कग्राफ पदवीच्या सरदारांच्या सत्तेखाली गाव लुथरपंथी झाले. १७९१ मध्ये हा मुलूख प्रशियाकडे गेला आणि १८०६ मध्ये बव्हेरियात आला.

दगड कसा घडला

सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ उष्ण समुद्र होता. स्पंज आणि प्रवाळांच्या खडकांनी त्यातली काही खाजणे अडवली. पाणी आटत गेले, खारटपणा वाढला आणि तळाच्या पाण्यात प्राणवायू जवळपास उरला नाही. वरून अतिशय बारीक चुन्याचा गाळ बसत राहिला. तळाशी किडा-मुंगीसुद्धा जगत नव्हती, त्यामुळे गाळ कुणी उकरला नाही आणि थर पापडांच्या चळतीसारखे एकावर एक जमले.

खाणकामगार या थरांतला फरक बोटांनी ओळखतात. शुद्ध चुन्याच्या टणक थराला ते 'फ्लिंझ' म्हणतात, त्यांच्यामधल्या मऊ चिकणमातीच्या थराला 'फॉइल'. फॉइलमुळेच दगड सुटतो. कडेवर छिन्नी लावून हलके ठोके देत गेले की लादी उचलली जाते. मग तिच्यावर हातोडी वाजवायची. खणखणीत आवाज आला तर दगड चांगला, बद्द आला तर आत चीर आहे. खणलेल्या मालातला फार थोडा भाग कामाचा निघतो. बाकीचे ढीग पठारावर टेकड्यांसारखे साचलेले आहेत.

छपरापासून छापखान्यापर्यंत

रोमन काळापासून हा दगड फरशीला वापरला जातो. या खोऱ्यातल्या जुन्या घरांची छपरेसुद्धा याच पातळ लाद्यांची. छपराला उतार कमी ठेवायचा आणि खिळा न मारता लाद्या नुसत्या एकावर एक रचायच्या. वजन प्रचंड होते, म्हणून खालचे लाकूडकामही तसेच दणकट.

पण जगात नाव झाले ते आलॉइस झेनेफेल्डरमुळे. म्युनिकचा हा नाटककार आपली नाटके स्वस्तात छापायची खटपट करत होता. त्याने स्वतः लिहून ठेवले आहे, की एकदा धुण्याची यादी लिहायला कागद हाताशी नव्हता, म्हणून त्याने ती दगडावर लिहिली. १७९६ पासूनच्या प्रयोगांतून त्याने शिळाछाप सिद्ध केला. दगडावर तेलकट शाईने काढायचे, दगड पाण्याने ओला करायचा आणि वरून शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या भागाला शाई धरत नाही, रेघेला धरते. यासाठी तेल आणि पाणी दोन्ही सारखे शोषणारा, एकजीव आणि बारीक कणांचा दगड हवा. सोल्नहोफेनच्या तोडीचा दगड दुसरीकडे क्वचितच मिळाला. पिवळसर दगड मऊ, करडा-निळसर टणक, आणि बारीक कामाला करड्याचा मान मोठा.

बव्हेरियाने आपल्या जमीनमोजणीचे नकाशे याच दगडांवर काढले. असे सुमारे २६ हजार दगड म्युनिकच्या भूमापन कार्यालयात आजही जपून ठेवले आहेत.

हा धागा आपल्याकडेही येतो. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तेव्हा यंत्रे, तंत्रज्ञ आणि छपाईचे दगड जर्मनीहून आणवले. छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि त्याची मालकी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे आली. दादासाहेब फाळक्यांनीही तिथे काम केले होते. घराघरांतली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे अशी दगडावरून उतरली, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून.

दगडातले पीस

१८६१ मध्ये हेर्मान फोन मायर यांनी इथल्या खाणीत सापडलेल्या एका पिसाची माहिती प्रसिद्ध केली आणि त्या प्राण्याला आर्किऑप्टेरिक्स लिथोग्राफिका असे नाव दिले. त्याच वर्षी लांगेनआल्टहाइमच्या हद्दीत जवळजवळ अख्खा सांगाडा मिळाला: पंखांना पिसे, पण मागे सरड्यासारखी लांब हाडांची शेपटी. पापेनहाइमचे डॉक्टर हेबरलाइन यांच्याकडून ब्रिटिश म्युझियमने तो इतर जीवाश्मांसह ७०० पौंडांना घेतला. डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ निघून जेमतेम दोन वर्षे झाली होती, त्यामुळे खळबळ किती उडाली असेल याची कल्पना येते.

खाणीतल्या माणसांचे श्रेय इथे सांगितलेच पाहिजे. या दगडात जीवाश्म ठासून भरलेले नाहीत, उलट ते विरळच आहेत. ते हाती लागले याचे कारण असे, की शतकानुशतके प्रत्येक लादी माणसाने हाताने सोडवली आणि दोन्ही बाजूंनी निरखली. सुरुंग आणि यंत्रे लावून काम झाले असते तर त्या पिसाचा चुरा झाला असता. काही लाद्यांवर नालखेकड्याची पावले उमटलेली दिसतात आणि त्या पावलांच्या शेवटी तोच खेकडा मरून पडलेला असतो. त्या विषारी तळावर तो किती अंतर चालला, हे पावले मोजून सांगता येते. नेच्यासारख्या काळ्या नक्ष्यांना मात्र फसू नये. त्या वनस्पती नव्हेत, चिरेत झिरपलेल्या मँगेनीज आणि लोखंडाच्या ऑक्साइडांच्या आहेत.

आज

धातूच्या पत्र्यावरची आणि ऑफसेटची छपाई आली आणि शिळाछापाच्या दगडाची मागणी ओसरली. खाणी आता मुख्यतः फरशीसाठी चालतात आणि गावात सिमेंटचा कारखाना आहे. स्थानिक संग्रहालयात आर्किऑप्टेरिक्सचा अस्सल नमुना पाहायला मिळतो. हौशी लोकांसाठी वेगळी खाण आहे. तिथे पैसे भरून छिन्नी-हातोडी घ्यायची आणि स्वतः लाद्या फोडून पाहायच्या.

आपल्याकडच्या एखाद्या जुन्या छापखान्याच्या अडगळीत पिवळसर किंवा करडा, चार बोटे जाड आणि एका बाजूने काचेसारखा गुळगुळीत दगड पडलेला असेल, तर तो भंगारात देण्याआधी जवळच्या संग्रहालयाला किंवा कलामहाविद्यालयाला जरूर दाखवा. त्याच्यावर कदाचित एखादे चित्र अजून शिल्लक असेल.