इव्हेंट पाठवला, पण गाठ सुटली का?

ऑनलाइन दुकानात ऑर्डर आली की साठा कमी व्हायला हवा, पावती निघायला हवी, ग्राहकाला एसएमएस जायला हवा. ऑर्डरच्या कोडनेच ही तिन्ही कामं करून घेण्यापेक्षा ‘ऑर्डर झाली’ एवढा इव्हेंट जाहीर करावा आणि ज्याला गरज असेल त्याने तो ऐकावा. कल्पना चांगलीच आहे. महागात पडतात ते तिच्याभोवतीचे गैरसमज.

सर्वांत घट्ट रुजलेला समज असा, की इव्हेंट पाठवला म्हणजे बाकीचं काम मागाहून, सवडीने होतं. नोड जेएसच्या इव्हेंटएमिटरमध्ये तसं होत नाही. ‘एमिट’ म्हटलं की सगळे लिसनर नोंदणीच्या क्रमाने, तिथल्या तिथे चालतात. पावतीच्या लिसनरने हिशेबात दोन सेकंद घालवले, तर एसएमएस खोळंबतो आणि ‘एमिट’च्या पुढची ओळही. त्याने एरर फेकली, तर एसएमएसची पाळीच येत नाही. १९९४ च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ पुस्तकातल्या ऑब्झर्व्हरची घडणही अशीच आहे : सब्जेक्टकडे यादी असते आणि तो प्रत्येकाला स्वतः हाक मारतो.

पब्लिश-सबस्क्राइब वेगळं. तिथे मध्ये ब्रोकर असतो. कोण ऐकतंय, हे पाठवणाऱ्याला ठाऊक नसतं.

लिंक्डइनमध्ये जे क्रेप्स, जुन राव आणि पुण्यात शिकलेल्या नेहा नारखेडे यांनी घडवलेला काफ्का हा असाच एक ब्रोकर; तो २०११ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. त्याचा टॉपिक ही रांग आहे, असं अनेकांना वाटतं. खरं तर ती रोजमेळासारखी वही. वाचल्याने नोंद पुसली जात नाही, वाचणाऱ्याची खूण तेवढी पुढे सरकते. मूळ सेटिंगमध्ये नोंदी सात दिवस राहतात. क्रमाची हमी मात्र टॉपिकच्या एका भागापुरती, म्हणजे एका पार्टिशनपुरतीच.

एसएमएस गेला आणि खूण पुढे सरकण्याआधीच सर्व्हिस बंद पडली, तर सुरू झाल्यावर तीच नोंद पुन्हा वाचली जाते. ग्राहकाला दुसरा एसएमएस येतो. २०१७ पासून काफ्कात ‘एकदाच’ची सोय आहे, पण ती काफ्काच्या आतल्या वाचण्या-लिहिण्यापुरती. बाहेर पडलेला एसएमएस तिला परत आणता येत नाही.

आणि अवलंबित्व? ते संपत नाही, संदेशाच्या मजकुरात जाऊन बसतं. कोणी ‘रक्कम’ रुपयांऐवजी पैशांत पाठवू लागलं, तर ५०० रुपयांची पावती ५०,००० ची निघते आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही.

म्हणून प्रत्येक इव्हेंटला स्वतःचा आयडी आणि मजकुराला आवृत्ती क्रमांक पहिल्या दिवसापासून द्या. एकाच प्रोग्रॅममधली दोन-तीन कामं असतील, तर साधा फंक्शन कॉल पुरेसा आहे.