सूट नाही, पाइप बघा: लॅबमधून व्हायरस बाहेर कसा पडतो?

पुण्यात पाषाणच्या सूस रोडवरून कधी गेला असाल, तर एनआयव्हीचा कॅम्पस बघितला असेल. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. २०१२ मध्ये भारतातली पहिली बीएसएल-४ लॅब इथे झाली. बीएसएल म्हणजे बायोसेफ्टी लेव्हल, एक ते चार. चौथ्या मजल्यावरचे पाहुणे म्हणजे निपाह, इबोला, क्रायमियन-काँगो ताप असले.

अशा लॅबचा फोटो म्हटलं की अंतराळवीरासारखा सूट दिसतो. गंमत बघा, सूटमध्ये हवा दाबून भरलेली असते, म्हणजे चुकून भोक पडलं तरी हवा बाहेर जाईल, बाहेरची आत येणार नाही. खोलीचं बरोबर उलटं. तिथे दाब मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे दार उघडलं तर हवा आत ओढली जाते. बाहेर जाणारी हवा हेपा फिल्टरमधून जाते. इथे हमखास प्रश्न येतो: फिल्टरचं रेटिंग ०.३ मायक्रॉनचं आणि व्हायरस साधारण ०.१ चा, मग तो निसटत नाही का? नाही. फिल्टर म्हणजे चाळणी नव्हे. अगदी बारीक कण हवेत वेडेवाकडे भरकटतात आणि धाग्यांना चिकटतात. पकडायला सगळ्यात अवघड असतात ते ०.३ च्या आसपासचेच, म्हणून टेस्ट त्यांच्यावर.

बाहेर पडताना आधी सूटसकट केमिकलचा शॉवर, मग सूट काढून साधी आंघोळ. आणि हे सगळं पाणी? ते थेट गटारात सोडत नाहीत. उष्णतेने किंवा केमिकलने आधी निर्जंतुक करतात.

या पाण्यावर जरा थांबू या.

ऑगस्ट २००७. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात एका गोठ्यात गुरांना लाळ्या-खुरकूत झाली. माणसाला याचं फारसं भय नाही, पण गुरांत हा रोग वणव्यासारखा पसरतो. तिथे २००१ च्या साथीत लाखो जनावरं मारावी लागली होती. आता तपासणीत सापडलेला व्हायरस निघाला १९६७ च्या साथीतला! तो बाहेर कुठे फिरतच नव्हता, होता फक्त लॅबमध्ये. आणि चार-पाच किलोमीटरवर होतं पिरब्राइट. एकाच आवारात सरकारी पैशावर चालणारी संशोधन संस्था आणि लस बनवणारी मेरियल कंपनी, दोन्हीकडे हाच व्हायरस.

चौकशीत फिल्टर, सूट वगैरे नाही, ड्रेनेजचा पाइप पुढे आला. कंपनी सांडपाण्यावर ॲसिडची पहिली प्रक्रिया करायची. त्यात थोडा जिवंत व्हायरस उरू शकतो हे गृहीतच होतं, कारण पुढे संस्थेच्या प्लांटमध्ये कॉस्टिक सोड्याची शेवटची प्रक्रिया व्हायची. मधला पाइप जुना, झाडांच्या मुळांनी फोडलेला, मॅनहोल नीट बंद नाहीत. त्यात त्या उन्हाळ्यात जोरदार पाऊस. पाणी मातीत झिरपलं असावं. त्याच आवारात बांधकाम चालू होतं. चिखलाच्या चाकांनी ट्रक बाहेर पडले, आणि काही त्या गोठ्याजवळच्या रस्त्याने गेले. शंभर टक्के पुरावा नाही, पण चौकशीने सगळ्यात शक्य मानला तो हाच मार्ग.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे फार ओळखीचं वाटतं. दोन्ही टोकांच्या सिस्टीमला मालक आहे, मधल्या कनेक्शनला कोणी नाही. कागदोपत्री पाइप संस्थेचा, पाणी दोघांचं. पाइपची अवस्था माहीत होती, पण दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावर आधीची काही वर्षं नुसती चर्चा चालू होती. लायसन्स देणारं आणि तपासणी करणारं सरकारी खातं तरी ओरडेल ना? तेच खातं संस्थेचं मोठं गिऱ्हाईक होतं.

सप्टेंबरपर्यंत आठ ठिकाणी रोग सापडला, गोठेच्या गोठे रिकामे करावे लागले. त्यानंतर कुठे जनावरांच्या रोगजंतूंच्या लॅब तपासायचं काम त्या खात्याकडून काढून वेगळ्या सुरक्षा यंत्रणेकडे दिलं गेलं.