'एसपी'च्या गोळीत सूज कोण उतरवते?

सेराशिओपेप्टिडेज हे प्रथिने तोडणारे एन्झाइम आहे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत बहुतेकांच्या पोटात ते जाते 'एसपीच्या गोळी'तून. अशा नेहमीच्या गोळीत १०० मिलिग्रॅम असेक्लोफेनॅक, ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आणि १५ मिलिग्रॅम सेराशिओपेप्टिडेज असते. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलून कंबर धरली, द्राक्षाच्या छाटणीत खांदे भरून आले, पश्चिम पट्ट्यात भाताच्या आवणीनंतर गुडघे सुजले, की ही गोळी मागितली जाते. पुष्कळदा डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून.

तिच्याविषयीचा सर्वांत चिवट समज असा: साधी पेनकिलर किडनीला वाईट, पण ही एन्झाइमची, नैसर्गिक, सूज मुळापासून उतरवते, म्हणून रोज घेतली तरी बाधत नाही. साध्या पेनकिलरबद्दलचे सोडले, तर या गोळीविषयीचे हे दावे खरे नाहीत.

गोळी घेतल्यावर तासा-दोन तासांत ठणका कमी होतो तो असेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलमुळे. असेक्लोफेनॅक हे डायक्लोफेनॅकच्या कुळातली पेनकिलरच आहे. किडनीचा रक्तपुरवठा टिकवणारी आणि जठराच्या अस्तराचे रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये शरीरात तयार होतात. हे औषध वेदनेबरोबर त्यांनाही रोखते. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसभर घाम गाळलेल्या, पाणी कमी प्यायलेल्या माणसाच्या किडनीला त्याच वेळी या द्रव्यांची गरज सर्वाधिक असते. त्यातच रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर धोका आणखी वाढतो. सोबत १५ मिलिग्रॅम एन्झाइम घातल्याने यातले काहीही टळत नाही. पेनकिलरला घाबरणारा माणूस नेमकी पेनकिलरच महिनोन्‌महिने घेत राहतो आणि आपण ती टाळली असे समजतो, हे या समजाचे खरे नुकसान आहे.

मग सूज तरी एन्झाइम उतरवते का? हे औषध मूळचे जपानचे. ताकेदा कंपनीने ते १९६०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणले आणि ते अनेक वर्षे खपले. पुढे प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या गोळीशी, तुलना करणाऱ्या चाचण्या झाल्या. घोट्याची मुरगळ आणि जुनाट ब्राँकायटिस या दोन्हींत फरक दिसला नाही, आणि २०११ मध्ये कंपनीने हे औषध स्वतःहून मागे घेतले. दिल्लीतील संशोधकांनी २०१३ मध्ये 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ सर्जरी'त उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. वेदना आणि सूज यांवर या औषधाची शिफारस करण्याइतका पुरावा त्यांना आढळला नाही. अक्कलदाढ काढल्यानंतरच्या सुजेवर काही लहान चाचण्यांत थोडा उपयोग दिसला आहे. त्यावरून कंबर, गुडघा आणि संधिवात यांबद्दल निष्कर्ष काढता येत नाही.

गोळीतच एक विसंगतीही आहे. एन्झाइम हे प्रथिन असल्याने जठरातल्या आम्लात नष्ट होते. म्हणून त्यावर आम्लात न विरघळणारे आवरण देतात आणि ते रिकाम्या पोटी घ्यावे असे सांगतात. असेक्लोफेनॅक मात्र जेवणानंतर घ्यायचे असते. दोन्ही एका गोळीत आले की पोट सांभाळण्यासाठी जेवणानंतरची वेळ पाळावी लागते. आवरण असलेली गोळी तोडून किंवा कुटून घेणे तर सरळ चूक आहे.

'रेशमाच्या किड्यापासून काढतात' असे ऐकून काही माळकरी ही गोळी नाकारतात. हे एन्झाइम तयार करणारा सेराशिया जिवाणू पहिल्यांदा रेशीमकिड्याच्या आतड्यात सापडला, एवढे खरे. कारखान्यात मात्र जिवाणूच टाक्यांमध्ये वाढवतात, किडे लागत नाहीत. याच किड्याची दुसरी कथा विक्रीसाठी वापरली जाते: पतंग या एन्झाइमने कोश विरघळवून बाहेर येतो, तशी ही गोळी रक्तवाहिन्यांतली चरबी विरघळवते. पतंग कोश मऊ करतो तो स्वतःच्या कोकूनेज या वेगळ्या एन्झाइमने. चरबी विरघळण्याचा तर कोणताही भरवशाचा पुरावा नाही, आणि या कथेवर विसंबून हृदयविकाराची औषधे सोडणे जिवावर बेतू शकते.

नैसर्गिक असले म्हणून एन्झाइम स्वतःही पूर्ण निर्धोक ठरत नाही. मळमळ, जुलाब, अंगावर पुरळ, क्वचित त्वचेची किंवा फुप्फुसाची गंभीर प्रतिक्रिया नोंदली गेली आहे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

ही गोळी अँटिबायोटिक नाही. पू झालेली जखम तिने बरी होत नाही. तिच्यात पॅरासिटामॉल असतेच, त्यामुळे सोबत तापाची वेगळी गोळी घेतली की मात्रा वाढते. डेंग्यूची शंका असलेल्या तापात ती घेऊ नये. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, ती टाळावी. उरलेली गोळी गायीला देऊ नये: जनावराच्या शरीरात असेक्लोफेनॅकचे डायक्लोफेनॅक होते, मेलेले जनावर खाणारी गिधाडे त्याने मरतात, आणि म्हणून २०२३ मध्ये जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली आहे.

घोणस चावल्यावर पाय सुजतो म्हणून ही गोळी देणे सर्वांत घातक. घोणशीचे विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते आणि किडनी निकामी करू शकते. असेक्लोफेनॅक या दोन्ही बाबतींत भर घालते. त्या सुजेवर उपाय प्रतिविष हाच, आणि त्यासाठी रुग्णाला चालू न देता ताबडतोब जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यावे.