एकाच नावाची पिशवी

‘विद्यापीठातलं संशोधन उद्योगापर्यंत कसं पोचतं’ यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे सामंजस्य करार, शाल-श्रीफळ आणि पहिल्या रांगेतले सोफे उभे राहिले. हा विषय कागदावर नको, हाताला लागेल असा हवा होता. म्हणून पवईच्या आयआयटीत न जाता मी मुंबईतल्या एका रुग्णालयाची रक्तपेढी गाठली.

तिथे चाकांवरचं एक यंत्र आहे. शेजारच्या खुर्चीत एक तरुण बहिणीसाठी मूळ पेशी द्यायला बसला होता. त्याच्या एका हातातून रक्त यंत्रात जात होतं. आत ते गरगर फिरतं. तांबड्या पेशी जड, त्या बाहेर फेकल्या जातात. पिवळसर प्लाझ्मा आतल्या बाजूला राहतो. आणि या दोहोंच्या मधे पांढऱ्या पेशींचा सायीसारखा पातळ थर धरतो. यंत्र ही साय तेवढी ओढून घेतं आणि बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत करतं. असं तीन-चार तास.

सगळं आपोआप होत असेल असं वाटलं होतं. पण तंत्रज्ञ बाईंची नजर एका बारीक नळीवरून हलत नव्हती. नळीतला रंग गडद झाला की तांबड्या पेशी जास्त येताहेत, फिका पडला की नुसताच प्लाझ्मा. त्या बटणाने किंचित फरक करायच्या, पुन्हा बघायच्या. मधेच त्याला विचारायच्या, “ओठांना मुंग्या येतायत का रे?” रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळे ओठ झिणझिणतात. तो ‘हो’ म्हणाला की कॅल्शियमची गोळी. त्याने हात जरा वाकवला की यंत्र केकाटायचं.

रक्ताच्या कर्करोगावरच्या नेक्सकार-१९ या औषधाची वाट इथूनच, अशाच यंत्रातून सुरू होते. फरक एवढाच की तिथे रुग्णाच्या टी पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींतलाच एक प्रकार, त्यालाच परत द्यायच्या असतात. त्याच्या पिशवीवर देणारा आणि घेणारा यांचं नाव एकच.

अधिकृत इतिहास थोडक्यात आटपतो. आयआयटी मुंबईतले राहुल पूरवार २०१३ मध्ये हार्वर्डहून परतले. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांशी हातमिळवणी झाली, २०१८ मध्ये आयआयटीच्याच आवारात इम्युनोअ‍ॅक्ट ही कंपनी निघाली. ४ जून २०२१ रोजी टाटा मेमोरियलच्याच खारघरमधल्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये पहिल्या रुग्णाला पेशी दिल्या गेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची मान्यता आली आणि ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते अनावरण झालं. म्हणजे सोफे होतेच.

मला गुंतवून ठेवलं ते मधल्या टप्प्याने. प्रयोगशाळेत आलेल्या टी पेशींमध्ये लेंटिव्हायरस नावाचा निरुपद्रवी केलेला विषाणू एक नवं जनुक सोडतो. हा विषाणू एचआयव्हीच्याच घराण्यातला. ज्याने टी पेशी मारल्या त्याच्याकडूनच त्यांना हत्यार पोचवलं जातं. त्या जनुकामुळे टी पेशीला कर्करोगी बी पेशीवरची सीडी-१९ ही खूण ओळखता येते. अमेरिकेतल्या आधीच्या औषधांत खूण ओळखणारा हा तुकडा उंदराच्या प्रतिपिंडातून घेतलेला होता. मुंबईच्या गटाने तो मानवी प्रथिनाच्या वळणाचा करून घेतला. चाचणीत मेंदूवरचे दुष्परिणाम जवळपास दिसले नाहीत, आणि सुमारे ७३ टक्के रुग्णांत आजार हटला किंवा ओसरला.

अमेरिकेत हीच वाट पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ आणि नोव्हार्टिस यांनी २०१२ मधल्या कराराने चालायला घेतली. २०१७ मध्ये औषध आलं, किंमत चार लाख पंच्याहत्तर हजार डॉलर. मुंबईचं औषध बाजारात आलं ते साधारण त्याच्या दहाव्या हिश्शात. विषाणू इथेच बनवला, हे त्याचं एक मोठं कारण. बाहेरून तो विकत घेताना अर्धं अंदाजपत्रक संपलं असतं, असा माझा कयास.

मात्र दहावा हिस्सा म्हणजे चाळीस लाख रुपयांच्या आसपास. हा आकडा ‘स्वस्त’ या शब्दाशेजारी लिहिताना हात अडखळतो. त्यावर रुग्णालयातला मुक्काम, आधीची केमो, नंतरचा ताप आणि तो आवरणारी औषधं. विमा कंपन्या कुठवर हात धरतील ते आजाराच्या नावापेक्षा पॉलिसीच्या बारीक अक्षरांवर अवलंबून.

किंमत उतरायला एरवी सोपी युक्ती असते: जास्त बनवा. गोळीचा घाणा एकदा चालला की लाखभर गोळ्या निघतात, तपासणी एकदाच. इथे घाणा एका माणसाचा. निर्जंतुक खोली, वाढ, जंतूंची चाचणी, कागदपत्रं, द्रव नायट्रोजनची थंडी, सगळं त्या एका पिशवीसाठी. दुसऱ्या पिशवीसाठी पुन्हा पहिल्यापासून. अशा मालाला बाजाराचं गणित लागू पडतंच कसं, हे मला अजून उमगलेलं नाही. विद्यापीठाने शोध लावला, कंपनीने कारखाना उभारला, पण कारखान्याचा कच्चा माल खाटेवर ताप अंगात घेऊन पडलेला आहे आणि तो थांबत नाही.

शिवाय हा कच्चा माल थकलेला असतो. दोन-तीन केमो सोसलेल्या माणसाच्या टी पेशी आधीच कमी, उरलेल्या सुस्त. कधी त्या प्रयोगशाळेत वाढायलाच तयार होत नाहीत. तसं झालं तर गोदामात दुसरा साठा नसतो. पुन्हा खुर्ची, पुन्हा दोन सुया, पुन्हा चार तास नळीचा रंग बघणं, तेही रुग्णाच्या अंगात तेवढ्या पेशी उरल्या असतील तर.