गुरं घेऊन समुद्रापार निघालेले स्वयंसेवक

दुसऱ्या महायुद्धानं युरोपात माणसांसोबत जनावरंही संपवली. पोलंड, ग्रीसमध्ये नांगराला घोडा नाही, पोरांना दूध नाही. तेव्हा अमेरिकेतून जहाजं भरभरून घोडे, गाई, खेचरं पाठवली गेली. ही व्यवस्था ‘उन्रा’ या संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेची. पण भर समुद्रात या जनावरांना चारापाणी कोण करणार?

त्यासाठी १९४५ ते १९४७ या काळात सुमारे ७,००० स्वयंसेवक पुढे आले. ‘सीगोइंग काउबॉय’, म्हणजे समुद्रावरचे गुराखी, म्हणतात ते हेच! शेतकरी, शिक्षक, विद्यार्थी, धर्मोपदेशक, अगदी सोळा वर्षांची पोरंसुद्धा. भरती करायचं काम ‘चर्च ऑफ द ब्रेदरन’ या शांततावादी पंथानं सांभाळलं. एका फेरीचे १५० डॉलर मिळत.

काम मात्र अंग मोडून काढणारं. जहाज हेलकावे खातंय, पोटात ढवळतंय, तरी तळातून गवताचे भारे वर ओढायचे, बादल्यांनी पाणी पाजायचं, शेण-लीद उपसायची. वाटेत गाई व्यायच्या, तर काही जनावरं दगावायची. ती समुद्रात सोडावी लागत.

याच जहाजांतून ‘हेफर प्रोजेक्ट’ या गरजूंना गाई देणाऱ्या उपक्रमाच्या कालवडीही गेल्या. याच ब्रेदरन पंथातल्या डॅन वेस्ट यांची ती कल्पना. स्पेनच्या यादवीत दुधाची पावडर वाटताना त्यांना वाटलं, कपभर दुधापेक्षा गायच का देऊ नये? अट एकच: मिळालेल्या गाईला होणारी पहिली कालवड दुसऱ्या गरजू कुटुंबाला द्यायची. मला या सगळ्यात ही अट फार मोलाची वाटते, कारण मदत घेणाराच पुढे देणारा होतो. ‘हेफर इंटरनॅशनल’ या नावानं हा उपक्रम आजही काम करतो.